दुपार कुणासाठी बंद होती, अक्का?

गल्लीच्या तोंडाशी तुमचा श्रद्धांजलीचा डिजिटल बोर्ड लागलाय, अक्का. फोटो तुमच्या मुलाच्या, महेशच्या लग्नातला आहे, डोक्यावर पदर घेतलेला, ओठ मिटलेले. खाली लिहिलंय, ‘प्रेमळ, मनमिळाऊ आणि शांत स्वभावाच्या’. शांत! मी स्कूटर थांबवून पुन्हा वाचलं. ज्यानं हे लिहिलं त्यानं तुम्हाला थिनरवाल्याशी फोनवर बोलताना कधी ऐकलेलं नसणार. मला तिथंच हसू आलं आणि मग पुढं जाता येईना. स्कूटर रस्त्यात आडवी, मागून रिक्षावाला हॉर्न मारतोय, आणि मी, साठीला आलेला माणूस, तुमच्या फोटोसमोर रुमालात तोंड लपवून उभा.

माहेर कुठलं, सासर कुठलं, मागं कोण कोण आहे, ते सगळं बोर्डावर आहे. ते मी पुन्हा सांगत बसत नाही. मला तुमच्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धं राहिलं आणि तुम्ही उठून गेलात. समोरच्याचं तोंड बंद केल्याशिवाय उठायची तुमची रीत नव्हती, म्हणून ते जास्त लागलं.

आपली गल्ली कपाटांची. समोरासमोर दुकानं. आत पत्रा कापायचा, वाकवायचा, वेल्डिंग मारायचं आणि रंग मात्र बाहेर रस्त्यावर, भर उन्हात. लग्नसराई आणि उन्हाळा आपल्याकडे बरोबरच येतात. मुलीच्या संसारात लोखंडी कपाट द्यायचं म्हणजे द्यायचंच, त्यामुळं मंद्रूप, मंगळवेढा, करकंब, कुठून कुठून माणसं टेम्पो घेऊन येतात. सोलापूरचं ऊन ही आपली फुकटची भट्टी. खाचखळगे बुजवायची लांबी भरून घासलेलं कपाट रस्त्यात उभं करायचं, स्प्रे गन घ्यायची, रंगाचा एक हात मारायचा आणि चहा पिऊन यायचं, तोवर वरून सुकलेलं. माझ्या वडिलांनी हेच केलं, तुमच्या मालकांनी हेच केलं. मालक गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता समोरचं शटर कायमचं पडणार. तुम्ही दिवसकार्य उरकलं, पदर खोचला आणि पत्र्याच्या व्यापाऱ्याला फोन लावून माल कधी पाठवतोस म्हणून झापलंत. त्या दिवसापासून मला समोर एक स्पर्धक आणि एक थोरली बहीण एकदमच मिळाली. कधी कुठली समोर येईल याचा नेम नसे.

दमा तुम्हाला होताच. पण इतरांचा दमा थंडीत उसळतो आणि तुमचा उलटा, चैत्र लागला की. तोही दुपारचा. सकाळी तुम्ही गल्ली डोक्यावर घ्यायच्या आणि दुपार चढली की खुर्चीत वाकून बसायच्या, दोन्ही हात गुडघ्यांवर, बोलणं बंद. धूर म्हणावा तर धूर दिसत नव्हता. आभाळ लख्ख. आम्ही सगळे शहाणे सांगायचो, उष्णता झाली असेल, सब्जा घाला, ताक प्या. तुम्ही ताक प्यायच्या आणि संध्याकाळ झाली की बऱ्या व्हायच्या. श्रेय ताकाला जायचं.

मग त्या देशमुख मॅडम आल्या. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाई, मुलीच्या लग्नाला कपाट घ्यायला आलेल्या. ऐन दुपारी गल्लीत उभ्या राहिल्या, डोळे चोळायला लागल्या, घसा खाकरायला लागल्या आणि कपाटाचा रंग ठरवायचा सोडून आभाळाकडं बघत बसल्या. तुम्ही खुर्चीत वाकलेल्या होता. त्यांनी तुम्हाला विचारलं, हे रोज दुपारीच होतं का. एवढा साधा प्रश्न इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणी विचारला नव्हता.

पुढच्या आठवड्यात त्यांनी तुमच्या गच्चीवर एक छोटं यंत्र आणून ठेवलं. ओझोन मोजायचं. हे नाव मी ऐकलेलं होतं, वर आभाळात असतो, त्याला भोक पडलंय म्हणून मध्यंतरी आरडाओरडा चालायचा. मी मॅडमना म्हणालो, वर कमी पडलाय आणि खाली जास्त झालाय, तर खालचा वर पाठवा, मिटलं. मॅडम हसल्या. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही त्यांना पुन्हा सांगायला लावलंत. थिनरची वाफ, पेट्रोलची वाफ, त्यात ट्रकांचा आणि बॉयलरचा धूर, आणि वरून ऊन. या सगळ्यांतून हा वेगळाच वायू, खालचा ओझोन, तयार होतो. दिसत नाही, पण छाती आतून पोळतो. यंत्राचा आकडा सकाळी खाली असायचा, ऊन चढेल तसा चढायचा आणि तुमची मान खुर्चीत खाली जायची तेव्हा तो सगळ्यात वर असायचा.

गल्लीला ते तुम्ही तुमच्या भाषेत सांगितलंत. चौकातल्या कट्ट्यावर सगळे दुकानदार गोळा केलेत. “चुलीवर भांडं ठेवल्यागत हाय बघा. थिनर आपण घालतो, धूर गाड्या नि बॉयलर घालत्यात, आन खालनं जाळ उन्हाचा. ऊन काय आपल्याला इझवता येत न्हाय. मग दुपारचं आपलं घालायचं तरी बंद करू की.” सगळ्यांनी माना हलवल्या आणि आपापल्या दुकानात जाऊन गन हातात घेतल्या. मीही घेतली. लग्नाची तारीख आभाळ बघून थांबत नाही, असं मी तुम्हाला तोंडावर सांगितलं होतं.

तुम्ही मात्र दुसऱ्या दिवसापासून दुपारी गनचा कॉम्प्रेसर बंद केलात. गिऱ्हाईक यायचं, आजच पाहिजे म्हणायचं. तुम्ही बोटानं माझं दुकान दाखवायच्या. समोर जावा, तो दत्तू दुपारी मारतोय रंग. मोठ्यानं, मला ऐकू येईल असं. गिऱ्हाईक रस्ता ओलांडून माझ्याकडं यायचं आणि मी त्याला कपाट रंगवून द्यायचो. त्या मोसमात माझी भरभराट झाली, आणि एवढा बेचव मोसम मी पाहिला नव्हता. समोर तुम्ही वाकून बसलेल्या आणि मधल्या रस्त्यावर माझ्या गनचा फवारा. मान वर करून तुम्ही एकदाच विचारलंत, “काय बघायलाय रे? मार की.”

पुढच्या उन्हाळ्यात मी दुपार बंद केली. तुम्ही साऱ्या गल्लीला सांगत फिरलात, दत्तूला मॅडमचं पटलं म्हणून. मी ते खोडलं नाही. पण अक्का, मॅडमचं मला तेव्हा अर्धंही कळलेलं नव्हतं. तुमची वाकलेली पाठ मला बघवेना, एवढंच होतं ते. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही चिडला असता, आणि का चिडला असता ते आता मला नीट कळतंय.

आपण दोघं बंद म्हटल्यावर बाकीचे हळूहळू आले. तुमच्या दारातून जाताना मान खाली घालावी लागते म्हणून आले. आणि मग आपण सगळ्यांनी मिळून जो पराक्रम केला तो सोलापूरशिवाय कुठं झाला नसता. दुपारी गन चालवायची नाही असं ठरलं, म्हणून सगळे पहाटे उठून रंग मारायला लागले. आणि रंग मारून झाल्यावर? ओली कपाटं ओळीनं रस्त्यात उन्हाला लावली! गन बंद, कॉम्प्रेसर बंद, गल्ली कशी शांत, आणि आम्ही आत पंख्याखाली स्वतःवर खूश होऊन पडलेलो. गच्चीवरचा आकडा काही हलेना. तुमची छाती हलायची तशीच हलत होती. मी म्हणालो, यंत्र बिघडलंय.

मॅडम आल्या, गल्लीत उभ्या राहिल्या आणि त्या ओळीकडं बघून आधी हसल्या, मग डोक्याला हात लावला. रंग वाळतो म्हणजे काय होतं, त्यांनी विचारलं. थिनर उडून जातो. कुठं जातो? हवेत. कधी? दुपारी. म्हणजे गन झोपली होती आणि कपाटं दुपारभर उन्हात तेच काम करत होती. तुम्ही कपाळावर हात मारून घेतलात. “आमचं आसंच बघा बाई. पापड म्हणू नगा, कुरडई म्हणू नगा, ऊन दिसलं की वाळत घातलं.” त्या दिवशी तुम्ही दम लागेस्तोवर हसलात आणि मग खरंच दम लागला.

मग संध्याकाळची रीत सुरू झाली. ऊन उतरल्यावर रंग मारायचा आणि कपाट आत पत्र्याच्या शेडमध्ये सावकाश वाळू द्यायचं. जागा पुरेना, धूळ बसू नये म्हणून साड्यांचे पडदे लावले. कारागीर कुरकुरले, गिऱ्हाईक एक दिवस उशिरानं नेऊ लागलं. पण रंगाला जी झाक आली ती उन्हात कधी आलीच नव्हती. उन्हात घाईनं वाळलेल्या रंगावर बारीक फोड यायचे, ते गेले. हे तुम्ही गिऱ्हाइकाला असं काही सांगायच्या की जणू उशीर हाच मालाचा मोठेपणा.

माझ्या सुमनच्या लग्नाचं आठवतं? गल्लीभरच्या मुलींची कपाटं वेळेत गेली आणि वऱ्हाड निघायच्या आदल्या दिवशी बायकोनं विचारलं, आपल्या सुमनचं कुठं आहे. कपाटवाल्याच्या मुलीचंच कपाट राहिलं होतं, नुसता प्रायमर मारलेला सांगाडा. मी उन्हात ओढून रंगवायला निघालो तर तुम्ही रस्ता ओलांडून आलात, माझ्या हातातली गन काढून घेतलीत आणि महेशला सांगून तुमच्या शेडमधलं तयार कपाट आणवलंत. आतल्या कप्प्यात तुमच्या रीतीप्रमाणं मूठभर ज्वारी टाकलीत, कपाट रिकामं सासरी जाऊ नये म्हणून. सुमनच्या घरी ते अजून नव्यासारखं आहे. त्या वेळी मी तुम्हाला नुसतं बरं बरं म्हणालो होतो. बरं बरं काय, अक्का. तुम्ही त्या दिवशी माझी अब्रू राखलीत.

गल्लीवर तुमचं भागलं नाही. चौकातल्या पंपवाल्याला गाठून त्याच्याकडून पाटी लावून घेतलीत, उन्हाळ्यात पेट्रोल सकाळी नाहीतर दिवस मावळल्यावर भरा म्हणून. मागच्या बाजूच्या टॉवेल रंगवायच्या कारखान्यात जाऊन बसलात. मालक म्हणाला, आधी तुमची गल्ली बघा. तुम्ही म्हणालात, बघूनच आलेय. त्यानं बॉयलरचं जळण बदललं आणि जास्तीचं काम दुपारऐवजी संध्याकाळवर ढकललं, हे त्याचंही मोठेपण म्हणायचं. कारखानदारांच्या सभेत तुम्हाला बोलावून शाल-नारळ दिला. वैशाखात शाल! तुम्ही ती हातात घेऊन विचारलंत, ही पांघरू का हिच्यावर कपाट वाळवू. सभा हसली आणि झाडं लावायचा ठराव करून घरी गेली.

तुमचं मन मात्र पावडरच्या भट्टीवर होतं. थिनर न वापरता कोरडी पावडर पत्र्यावर बसवायची आणि भट्टीत भाजून काढायची, म्हणजे वाफेचा प्रश्नच मिटला. एकट्याला न परवडणारी गोष्ट, पण गल्लीनं मिळून एक भट्टी घालावी असं तुमचं म्हणणं. कितीदा बसलो आपण त्यावर. भट्टी कुणाच्या जागेत, आधी कुणाचं कपाट, किल्ली कुणाकडं. प्रत्येक बैठक किल्लीपाशी येऊन मोडायची. शेवटी कुणी तरी म्हणायचं, राहू द्या अक्का, तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून दुपार तर बंद ठेवलीय की आम्ही.

इथंच तुम्ही भडकायच्या. सगळ्यांना वाटायचं, अक्का आजारानं चिडचिड करतात. मलाही तसंच वाटायचं. आपलं भांडण तिथून सुरू झालं आणि ते शेवटचं झालं मंद्रूपला.

या उन्हाळ्यात तुमचं फारच वाढलं तेव्हा महेशनं तुम्हाला भावाकडं मंद्रूपला नेऊन ठेवलं. तिथं कारखाना नाही, ट्रक नाही, मोकळं रान, चोख हवा. आम्हा सगळ्यांना हायसं वाटलं. पण दुपारी तुम्हाला तिथंही दम लागायचा. भाऊ बिचारा चक्रावला, म्हणाला हितं तर धुराचं नाव न्हाय. मी मॅडमना फोन लावला तर त्या म्हणाल्या, शहरातून निघालेलं वाऱ्याबरोबर जाताना वाटेत उन्हात शिजत राहतं, कधी कधी बाहेरच्या गावात शहरापेक्षा जास्त भरतं. मी मंद्रूपला येऊन तुम्हाला हे भीत भीत सांगितलं. तुम्ही कडुनिंबाखाली बाजेवर उशाला टेकून बसलेल्या. म्हणालात, “म्हंजे आपण कपाटंच न्हाय, हवा बी भाईरगावी पाठवतोय की.” भावाच्या दारातल्या द्राक्षवेलाची पानं तपकिरी ठिपक्यांनी भरली होती. औषधवाल्यानं दोनदा फवारणी करायला लावली, काही फरक नाही. ते कशानं, मला माहीत नाही, मॅडमनीही नक्की सांगितलं नाही. पण तुम्ही त्या पानांकडं एकटक बघत होता.

मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगितलं की गल्लीत दुपार अगदी कडक बंद आहे, तुमच्यासाठी सगळे पाळतात, एकही जण मोडत नाही.

तुम्ही डोळे मिटून घेतलेत. मग एकेक शब्द सुटा करत म्हणालात, “माझ्यासाठी करू नगा म्हणून किती येळा सांगितलं रे. माझ्यासाठी बंद हाय, ते माझ्यासंगं संपंल.”

मला राग आला. एवढ्या लांबून आलो, चांगली बातमी आणली, आणि हे. मी म्हणालो, अक्का, माणूस माणसासाठी करतो. हवेसाठी कोण करतंय?

“हवा म्हंजे कोण रे? हवेत माणूसच हाय की.”

मी म्हणालो, असली वाक्यं सभेत बरी वाटतात, गल्लीला समोर कुणाचं तरी तोंड दिसावं लागतं. तुम्ही काहीतरी बोलायला गेलात आणि खोकला आला. भावजय धावत आली, माझ्याकडं रागानं बघितलं. मी उठलो. पाणी घ्या म्हणालो आणि निघालो. बसस्टँडपर्यंत मनातल्या मनात तुम्हाला उत्तरं देत होतो आणि सगळी मलाच पटत होती. पुन्हा येईन तेव्हा बघतो, असं ठरवलं होतं. चारच दिवसांत महेशचा फोन आला.

तुम्हाला माती दिली त्या दिवशी गल्ली पूर्ण बंद होती. लिंगायत रीतीप्रमाणं तुम्हाला बसवलेलं, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, ताठ पाठ. इतक्या वर्षांत ऐन दुपारी तुमची पाठ ताठ मी पहिल्यांदा बघितली. बाकी काही मला आठवत नाही. कुणी तरी माझ्या हातात माती दिली आणि मी ती बराच वेळ धरूनच उभा राहिलो, तेव्हा महेशनंच माझा हात पुढं केला.

दुखवट्याचे दिवस सरले. लग्नसराई जोरात आहे. मी दुपारी आत पडलो होतो आणि कॉम्प्रेसरचा आवाज आला. आधी वाटलं, दुसऱ्या गल्लीतला. मग थिनरचा वास आला. बाहेर येऊन बघतो तर तुमच्या दारात कपाटं ओळीनं उन्हाला लावलेली आणि महेशच्या हातात गन.

महेश वाईट पोरगा नाही, तुम्हाला सांगायला नको. तुमच्या आजारपणात त्यानं जे केलं ते मी बघितलंय. सामुदायिक लग्नाची मोठी ऑर्डर त्याच्याकडं आलीय, शेडमध्ये जागा नाही, सगळं खरं. मी रस्ता ओलांडून गेलो, म्हणालो, महेश, दुपार आहे. त्यानं गन खाली केली. डोळे लाल होते, रंगानं की रडण्यानं, कळलं नाही.

“काका, आई गेली की. आता कुणासाठी?”

त्यानं उद्धटपणानं विचारलं नाही. त्याला खरंच कळत नव्हतं.  मंद्रूपला मी जे तोंड वर करून बोललो होतो तेच तो मला विचारत होता. मी परत आलो. दोनच दिवसांत शेजारचा कॉम्प्रेसर सुरू झाला, मग त्याच्या पलीकडचा. कुणी दुष्टपणानं केलं नाही. तुमच्या बोर्डाला नमस्कार करून दुकान उघडतात आणि दुपारी रंग मारतात. भांडणात मी जिंकलो होतो आणि गल्लीची बंद दुपार तुम्ही सांगितलंत तशी तुमच्याबरोबर संपली होती. असं जिंकणं माझ्या वैऱ्यालाही नको.

तुम्हाला न सांगितलेली आणखी एक गोष्ट आहे. होळीपासून माझीही छाती वाजते. बायकोला वाटतं तंबाखूनं. तुम्ही आजारी असताना त्यात आपलं रडगाणं कशाला म्हणून गप्प बसलो. तुम्ही गेल्यावर दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टरांनी नळीत फुंकर मारायला लावली, पुन्हा मारायला लावली आणि धंदा काय करता ते विचारलं. दमाच आहे म्हणाले.

गल्लीत हे सांगितलं की काय होईल, ते मला माहीत होतं. आणि तुम्हाला ते आवडलं नसतं, हेही माहीत होतं. मी दोन दिवस काढले. हवेचं सांगून बघितलं, येणाऱ्याजाणाऱ्या पोरांचं सांगून बघितलं, मंद्रूपच्या वेलाचं सांगून बघितलं. सगळे बरोबर आहे म्हणाले. तुमच्या वेळी कट्ट्यावर म्हणाले होते तसंच.

शेवटी काल रस्ता ओलांडला आणि महेशला म्हणालो, डॉक्टरांनी मला दमा सांगितलाय. त्यानं माझ्याकडं बघितलं, आत जाऊन कॉम्प्रेसर बंद केला आणि ओली कपाटं आत ओढायला लागला. आधी सांगायचं की काका, एवढंच म्हणाला. दिवस मावळायच्या आत गल्लीभर झालं. एकेक जण येऊन विचारून गेला, कुणी ताक आणलं. आज दुपारी सगळी गल्ली बंद आहे. गल्लीला दुपार बंद ठेवायला समोर एक आजारी माणूस बसलेला लागतो. तुमच्यानंतर ती जागा रिकामी होती, ती मी घेतली. पावडरच्या भट्टीचं कुणी काढलं नाही. मी काढणार आहे, पण किल्ली कुणाकडं ते अजून मलाही सुचलेलं नाही.

तुम्हाला हवी होती तशी ही बंद दुपार नाही, अक्का. रागवा हवं तर.

पण कालची एक गोष्ट सांगायची राहिली. कपाट आत ओढताना महेश मध्येच थांबला. एक हात कपाटावर, एक छातीवर, मान खाली. मी जवळ जाऊन विचारलं, काय होतंय. त्यानं लगेच मान वर केली.

“काय न्हाय, काका. दुपारचं होतंय आसं कधी कधी.”

घरात त्यानं अजून कुणाला सांगितलेलं नाही.